काचघरातल्या महाराण्या

अहो, ऐकलंत का? इंग्लंडात म्हणे मिरचीच्या रोपाला राहायला घर बांधून देतात. तेही काचेचं! आत हीटर, वर दिवे, कोपऱ्यात थर्मामीटर. आपल्याकडे तेलाच्या रिकाम्या डब्याला बुडाशी दोन भोकं पाडायची, माती भरायची, एक वाळकी मिरची चुरगाळून टाकायची आणि विसरून जायचं. पोह्यांपुरत्या मिरच्या घरच्या होतात. आणि तिकडे ही थेरं.

बातमी पक्की आहे, कारण ती आमच्या सोसायटीतल्या काकूंकडून आली आहे. त्यांची लेक रेडिंगला असते. जावई अस्सल कोल्हापूरचा, पण इथे होता तोवर तुळशीला तांब्याभर पाणी घातलं असेल तर शपथ. तिकडे शेजारच्या इंग्रज आजोबांच्या नादी लागला आणि आता परसात काचघर उभं आहे. काकू व्हिडिओ कॉल लावतात नातवाला बघायला. जावईबापू कॅमेरा फिरवतात रोपांवर!

बरं, पेरणी कधी? जानेवारीत. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि हे बिया मोजतायत. कारण ही साधीसुधी मिरची नव्हे. भूत जोलोकिया, कॅरोलिना रीपर असल्या जहाल जाती. त्यांच्या बियांना पंचवीस-तीस अंशांची ऊब लागते आणि उगवायलाच दोन-चार आठवडे जातात. फळ लाल व्हायला सप्टेंबर उजाडतो. तिथला उन्हाळा तो केवढा! म्हणून थंडीतच सुरुवात. तिथल्या जुन्या घरांत गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट असतं, टॉवेल-चादरी उबदार ठेवायला. त्यात आता बियांचे ट्रे. टॉवेल बाहेर, मिरच्या आत! लेक बिचारी गार टॉवेलाने अंग पुसते.

पुढचं तर ऐकवत नाही. बंद काचघरात ना वारा, ना मधमाशी. मग हे गृहस्थ चित्रकलेचा ब्रश घेऊन फुलाफुलाला परागकण लावत बसतात. खरं तर मिरचीचं फूल आपलं आपल्यात उरकून घेतं, फांदीला टिचकी मारली तरी भागतं. पण हौसेला मोल नाही. काकू म्हणतात, धाकटीसाठी स्थळं बघा म्हटलं तर याला वेळ नसतो, इथे रोज पन्नास लग्नं लावतो. वर मावा पडला की औषध मारायचं नाही. ढालकिडे मागवायचे, पोस्टाने! पैसे मोजून किडे घरी आणणारा जावई बघितलाय कुणी?

आणि हे सगळं कशासाठी? खाण्यासाठी? छे! आकड्यासाठी. १९१२ साली अमेरिकेत विल्बर स्कोविल नावाच्या औषधशास्त्रज्ञाने तिखटपणा मोजायची युक्ती काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा, चाखणाऱ्यांना झोंबायचं थांबेपर्यंत. आता तेच काम यंत्र करतं, पण नाव स्कोविलचंच राहिलं. हालापेन्यो मिरची आठ हजारांच्या वर सहसा जात नाही. हे लोक दहा लाखांखाली बोलतच नाहीत.

या आकड्यापायी काय काय भानगडी झाल्या! २०११च्या फेब्रुवारीत इंग्लंडातल्या ग्रँथमच्या ‘इन्फिनिटी’ मिरचीने सर्वांत तिखट म्हणून गिनेसचा मान पटकावला. जेमतेम दोन आठवडे झाले नाहीत तोच कंब्रियाच्या ‘नागा व्हायपर’ने तिला गादीवरून खाली ओढलं, आकडा १३,८२,११८. तिचा थाटही फार टिकला नाही, ऑस्ट्रेलियातून ‘ट्रिनिडाड स्कॉर्पियन बुच टी’ येऊन ठेपली. एवढ्या घाईने तर आपल्याकडे सरकारंही पडत नाहीत. २०१७ साली वेल्समधल्या एका बागवानाची ‘ड्रॅगन्स ब्रेथ’ थेट चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनात मिरवून आली. गुलाबांच्या आणि ऑर्किडच्या पंगतीत मिरची! सध्या पाट आहे तो अमेरिकेतल्या एड करी यांच्या ‘पेपर एक्स’कडे. २०२३मध्ये तिचा आकडा लागला २६,९३,०००. आणि हे करी महाशय तिचं बी कुणाला देत नाहीत! रेडिंगच्या आजोबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्यात त्या खाल्ल्यामुळे नव्हे, न मिळाल्यामुळे.

पण एवढा तोरा मिरवणाऱ्यांपैकी कित्येकींचं माहेर कुठलं? आपल्याच पूर्वेकडचं. भूत जोलोकिया आसाम-नागालँडकडची; २००७ साली गिनेसने तिला जगात सर्वांत तिखट ठरवलं तेव्हा तिथल्या घरांत ती पिढ्यान् पिढ्या रांधली जात होती. डॉर्सेटमधल्या एका दांपत्याने जी ‘डॉर्सेट नागा’ नावारूपाला आणली, तिचं मूळ बोर्नमथच्या बांगलादेशी दुकानातली ‘नागा मोरीच’ मिरची. म्हणजे किराणामालाच्या दुकानातून उचललेली पोर, आणि काचघरात गेल्यावर तिच्या नावापुढे परगण्याचं नाव लागलं. अर्थात आपणही फार नाक वर करू नये. मिरची मुळात अमेरिकेची, पोर्तुगीजांनी गोव्यामार्गे आपल्या फोडणीत आणली.

आता काकूंनी मला स्क्रीनवर दाखवलेली ती रीपर सांगते. लालभडक, अंगावर फोड आल्यासारखी खरबरीत, खाली विंचवाच्या नांगीसारखं टोक. जावयाने हातमोजे चढवून ती उभी चिरली. आत बिया मोजक्याच, पण ज्या पांढऱ्या गराला त्या चिकटलेल्या असतात त्याच्यावर पिवळसर तेलाचे बारीक थेंब चमकत होते. खरं जहर तिथे असतं, बियांत नव्हे. जावयाने तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा जिभेवर ठेवला. तीन सेकंद हसला. मग कॅमेऱ्यात फक्त छत दिसायला लागलं आणि मागून उचक्यांचा आवाज. काकू शांतपणे म्हणाल्या, “कोल्हापूरचं नाव घालवलंन.”

हसण्यावारी नेऊ नका. २०१८ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक हकीकत छापून आली. अमेरिकेतल्या एका चौतीस वर्षांच्या माणसाने स्पर्धेत एक रीपर खाल्ली. त्याचं डोकं असं ठणकायला लागलं की दवाखान्यात न्यावं लागलं. तपासणीत मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावलेल्या निघाल्या. पुढे तो बरा झाला, पण हे विकतचं दुखणं म्हणायचं की नाही?

आणि माझा खरा आक्षेप पुढेच आहे. एका झाडाला मिरच्या लागतात भरपूर, घरात खपते अर्धी. उरलेल्या वाटायच्या तर घेणारा नको. मग वाळवून, बरण्यांत भरून, नावाची चिठ्ठी लावून फडताळात ओळीने मांडायच्या. त्यांची ना चटणी होत, ना ठेचा. ठेच्याला मूठभर मिरच्या लागतात, लसणाबरोबर तव्यावर भाजलेल्या, खलबत्त्यात कुटलेल्या. तिखटाबरोबर त्यांची चवही भाकरीवर उतरते. जिचा कणभर तुकडा माणसाला आडवा करतो, तिची चव कळायला जीभ जागेवर राहते कुठे? माझ्या मते लवंगीच बरी. घाम फोडते, पण जेवू देते.

तरीही कुणी हौशी जावई यंदा दिवाळीला सोबत डबी घेऊन आलाच, तर हातमोज्यांशिवाय तिला शिवू नका, मिक्सरचं झाकण उघडून तोंड आत घालू नका, डोळे चोळू नका. आणि ठसका लागलाच तर पाण्याच्या मागे धावू नका, तिखट पाण्यात विरघळत नाही. दह्याची वाटी आधीच काढून ठेवा.