चालू स्थितीत

आबांच्या घरी पाहुण्याला चहाच्या आधी बंदूक मिळते. सोप्यात पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीवर ती आडवी टांगलेली. तोड्याची, उभी केली तर माणसाच्या खांद्याला लागेल एवढी लांब, नळीला पितळी पट्ट्या, दस्त्यावर झिजून गेलेली नक्षी. पाहुण्याची नजर तिकडं गेली नाही तर आबा खाकरतात. गेली, की म्हणतात, "पणजोबांची." मग आवाज जरा खाली आणून, "आजही बार काढते. शंभर पावलांवरचं डुक्कर जाग्याला लोळंल."

पणजोबा कोल्हापूर संस्थानच्या शिकारखान्यात होते म्हणे. आमच्या तालुक्यातल्या निम्म्या घरांचे पणजोबा शिकारखान्यातच होते. मग त्या काळात भात कोण लावत होतं असा प्रश्न मला पडतो, पण तो आबांच्या सोप्यात विचारण्यातला नाही.

असा एक आबा प्रत्येक तालुक्याला असतो. शिकार त्यानं जन्मात केलेली नसते, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर तशी सोयही उरली नाही. त्याचा जीव कागदात. साखर कारखान्याच्या शेती खात्यातून निवृत्त झाल्यापासून आमचे आबा अर्ज, स्मरणपत्र आणि पोच या तीन गोष्टींवर तब्येत राखून आहेत. रीतसर परवान्याची त्यांच्याकडं एकच बंदूक, बारा बोअरची दुनळी. तिचा मुक्काम घरापेक्षा ठाण्यातच जास्त. लोकसभा झाली की विधानसभा, मग जिल्हा परिषद. आचारसंहिता लागली की दुनळी जमा. निवडणूक आयोग म्हणतो, छाननी समितीनं परवानाधारकांची छाननी करून गरज असेल त्यांचीच हत्यारं जमा करून घ्यावीत. प्रत्यक्षात ठाण्यातून सरसकट सगळ्यांना फोन जातो. आबा दर वेळी निषेधाचं पत्र जोडून बंदूक जमा करतात आणि दोन्हींची वेगवेगळी पोच घेतात.

अहिंसेचं आबांना फारसं नाही, पण गांधीजी पाठ आहेत. खेडा जिल्ह्यातल्या सैन्यभरतीबद्दल लिहिताना आत्मचरित्रात गांधीजींनी, साऱ्या देशाला नि:शस्त्र करणाऱ्या कायद्याला इंग्रजांचं सगळ्यांत काळं कृत्य म्हटलंय, हे आबा हवालदारालाही सांगतात. त्यापाठोपाठ 1931 चं कराची अधिवेशन येतं. काँग्रेसनं मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. त्यात 'नियमांच्या अधीन राहून' अशी पुस्ती होती, ती मात्र आबा पाण्याच्या घोटाबरोबर गिळतात. शेवटी गाडी कोडगूवर येते. तिथल्या कोडवांना आणि जम्मा जमीनधारकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे, केंद्रानं 2019 मध्ये ती आणखी दहा वर्षांनी वाढवली. "कैलपोढ सणाला घराघरांत बंदूक पुजत्यात ते. आणि आम्ही? खंडेनवमीला कोयता आणि ट्रॅक्टर!"

तर अशा माणसाच्या घरी पोलीस आले.

झालं असं की कुणा पाहुण्यानं ते डुकराचं वाक्य बंदुकीसकट मोबाइलमध्ये घेतलं आणि भावकीच्या ग्रुपवर टाकलं. ऐन आचारसंहितेत ते फिरत फिरत ठाण्यात पोचलं. दुनळी आधीच तिथं जमा होती, म्हणजे परवान्याचं एकमेव हत्यार घरात नव्हतं. मग जे होतं ते उचललं: तोड्याची, नाटकातलं पितळी पिस्तूल आणि नातीची एअर रायफल. पंचनाम्यात लिहिलं, "एक जुनी लांब नळीची बंदूक, चालू स्थितीत असल्याचे घरमालक स्वतः सांगत आहेत."

पिस्तुलाचा निकाल लवकर लागला. गावच्या जत्रेतल्या ऐतिहासिक नाटकासाठी ओतून घेतलेलं ते. नळीला भोकच नाही. फौजदारांनी काडी घालून पाहिली, ती आत गेली नाही. तरी मुद्देमाल तो मुद्देमाल.

नातीच्या रायफलीनं जास्त दमवलं. तेजस्विनी सावंतनं 2010 मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद घेतलं, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसहून कांस्य आणलं, तेव्हापासून आमच्याकडच्या पोरी डोळा बारीक करूनच हिंडतात. पोरीची जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर आणि रायफल ठाण्यात. आबा दुसऱ्या दिवशी काखेत एक इंच जाडीची देवदाराची फळी घेऊन ठाण्यात हजर. जुन्या नियमाप्रमाणं छर्रा अशा फळीच्या आरपार गेला नाही तर परवाना लागत नसे, तेव्हा इथंच झाडून बघा म्हणाले. ठाणे अंमलदार उठून उभा राहिला.

"आबा, फळी गेली. 2016 च्या नियमांत जूल आले. वीस जूलच्या आत आणि पॉइंट एकशे सत्त्याहत्तरची असंल तर परवाना नको."

"मग मोजा जूल."

"ते इथं मोजत न्हाईत."

शेवटी रायफल क्लबचं पत्र आणि खरेदीची पावती दाखवून पोरीनं स्वतःच ती सोडवून आणली. आजोबांना मुद्दाम घरी ठेवून गेली होती. फळी मात्र अजून ठाण्यात आहे. तिची पोच आबांकडं आहे.

राहिली तोड्याची, आणि खरी लढाई तिच्यापायी. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 45 आबांच्या बाजूचं: कालबाह्य घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा नादुरुस्त हत्यार, जे दुरुस्त करूनही चालणार नाही, त्याला हा कायदा लागत नाही. वकील म्हणाले, "सोपं आहे. बंदूक मेलेली आहे असं प्रतिज्ञापत्र करू." आणि मजकूर वाचून दाखवला: सदर बंदूक गंजलेली, निकामी, रंजकेचा कान बुजलेला, कोणत्याही दुरुस्तीने बार न काढणारी आहे.

आबांनी पेन खाली ठेवलं.

"निकामी कसं? कान बुजलाय, तो दाभणानं मोकळा हुईल."

"हे कोर्टात बोलू नका."

"खरं तेच बोलायचं न्हवं शपथेवर?"

मग आबांनी कायदा स्वतः वाचला, चष्मा पुसून. कलमात 'किंवा' आहे. म्हणजे पुराणवस्तू असली की झालं, चालते का बंद याची चौकशीच नको, असा त्यांनी अर्थ लावला. वकिलांच्या मते 'चालणार नाही' ही अट तिन्ही प्रकारांना लागते. या एका 'किंवा'वर दोन तारखा गेल्या. फी वकिलांनी दोन्ही तारखांची घेतली.

माझं म्हणाल तर पोलिसांचंही सगळं चुकलं असं मी म्हणणार नाही. ठासणीच्या बंदुकीनं रात्री डुकराच्या मागं गेलेली माणसं एकमेकांना लागून मेलेली आपल्याकडच्या डोंगरांनी पाहिली आहेत. भिंतीवरची शोभेची आणि गवतात लपवलेली यांतला फरक फौजदारानं नुसत्या नजरेनं ओळखावा ही अपेक्षा जास्त होते. पण उचलायला दहा मिनिटं आणि परत द्यायला सगळा पावसाळा, हे काही पटत नाही. जप्त माल ठाण्यात कुजवू नका, पंचनामा-फोटो करून, जातमुचलका घेऊन मालकाला द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं सुंदरभाई देसाई प्रकरणात 2002 मध्येच सांगून ठेवलंय.

तोवर आबा दर सोमवारी ठाण्यात. दवाखान्यात नातेवाइकाला बघायला जावं तसे, हातात शिलाई मशीनच्या तेलाची बाटली. मुद्देमाल कारकुनाला विचारायचं, "दमट जागी तर ठेवली न्हाई न्हवं?" तेल लावू दिलं नाही, पुराव्यात ढवळाढवळ होते म्हणून. आबांनी तेल नाकारल्याबद्दल अर्ज दिला.

प्रयोगशाळेचा अहवाल आला: नळीला आतून चीर, कान बुजलेला, तोडा धरणारा चाप तुटलेला, गोळी झाडण्यास व दुरुस्तीस अयोग्य. वकिलांनी पेढे मागवले. कोर्टानं बंदूक परत द्यायचा हुकूम केला. आबा मागच्या बाकावर मान खाली घालून बसले होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "परक्या माणसाच्या हातात चालत न्हाई ती."

बंदूक आता पुन्हा भिंतीवर आहे, शेजारी कोर्टाचा हुकूम चौकटीत. अहवालाची प्रत त्यांनी ट्रंकेत तळाला घातली आहे. दुनळी नेहमीप्रमाणं ठाण्यात.

तुमच्याही माळ्यावर पणजोबांचं असं काही असेल, तर त्याचे फोटो काढा, जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवा, पोच जपून ठेवा. आणि आबांकडं गेलात तर बंदूक जरूर बघा, फक्त मोबाइल बाहेर चपलांपाशी ठेवून आत जा. डुकराचं वाक्य ते अजून म्हणतात. अंतर आता दीडशे पावलं झालं आहे.