एक रिंगटोन, शेहेचाळीस कैदी

न्यायाला विलंब लागतो म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या नायगारा फॉल्सकडे पाहावे. मार्च २००५. भर कोर्टात कुणाचा तरी मोबाईल वाजला. कुणाचा, ते कुणी सांगेना. न्यायाधीश रॉबर्ट रेस्टाइनो यांनी हजर असलेल्या सगळ्या ४६ आरोपींना आत धाडले. ना पुरावा, ना पुढची तारीख! जामिनाची रक्कम न जमलेल्या चौदा जणांना तर बेड्याही मिळाल्या. पत्रकार चौकशी करू लागले, तेव्हा कुठे सुटका झाली. हीच दृष्टी आपण घेतली, तर डोंबिवलीला पाकीट मारले की अख्खी लोकल ठाण्यात जमा करता येईल.

वरच्या कोर्टाला ही कार्यक्षमता सोसली नाही. २००८ मध्ये रेस्टाइनो यांची खुर्ची गेली. २०१९ मध्ये त्याच शहराने त्यांना महापौर निवडले. त्यांच्या सभेला जाताना फोन सायलेंटवर ठेवा.