भविष्य निर्वाह वगैरे

दत्तवाडीतल्या एका घरात परवा एका शून्यावरून वाजलं. शून्यही साधंसुधं नव्हतं, ०.०० असं, पैशापर्यंत मोजून दिलेलं. (घर या सदरापुरतं आहे. शून्य सरकारमान्य आहे.)

घरातला धाकटा अमरावती रोडवरच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. दिवसभर पेट्या मोजायच्या, एक कमी भरली की सगळा ट्रक पुन्हा उतरवायचा, हे त्याचं काम. त्याला यंदा फॉर्म १६ हवा होता. पगारातून करच कापला नसेल तर हा फॉर्म देण्याची मालकावर सक्ती नाही. पण घराच्या कर्जाला बँक सगळ्यात आधी तोच मागते, म्हणून त्याने अकाउंटवाल्याचा पिच्छा पुरवून तो काढून घेतला. घरी येऊन मागच्या वर्षीचा कागद शेजारी ठेवला आणि सवयीने ओळी जुळवायला बसला. भाग ‘बी’, दहावा मुद्दा, पहिली ओळ. मागच्या वर्षी तिथे आकडा होता. यंदा ०.००.

पगारातून दर महिन्याला १,८०० रुपये पीएफ कापला जातो. मागच्या वर्षी कापला, यंदाही कापला. पगाराची चिठ्ठी बाराही महिने साक्षीला आहे. मग तो गेला कुठं? त्याने फोन लावला. अकाउंटवाल्याने शांतपणे उत्तर दिलं, “गेला नाही भाऊ. लागत नाही.”

खुलासा असा. मागच्या वर्षी धाकटा जुन्या करप्रणालीत होता. तिथे कलम ८०सी आहे, म्हणजे दीड लाखापर्यंतच्या बचतीवर सूट. यंदा तो नव्या प्रणालीत आला. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर शून्य कर म्हटल्यावर कोण येणार नाही? पण नव्या प्रणालीत ८०सी नाही. आणि फॉर्म १६ हा बचतीचा नव्हे, कराचा कागद. ज्याच्यावर सूट नाही, त्याची तिथे नोंद नाही. पैसा कापला जातो, खात्यात पडतो, त्यावर व्याजही चढतं (२०२४-२५ साठी ८.२५ टक्के), फक्त या कागदाला तो दिसत नाही.

पोह्यावर तर्री ओतता ओतता बाबांनी विचारलं, “काहून बे, पैसे कापले ना?”

“कापले.”

“मग कागदावर काहून नाही?”

“सूट नाही ना त्याच्यावर.”

“म्हणजे सूट नाही त पैसाच नाही?”

आयकर खात्याचं तत्त्वज्ञान इतक्या थोडक्यात आजवर कोणी मांडलं नसेल.

मागच्या वर्षी तरी पीएफचा काय मान होता? त्या ओळीचं इंग्रजी शीर्षक मराठीत आणलं तर असं वाचावं लागतं: ‘आयुर्विमा हप्ते, भविष्य निर्वाह निधीतील वर्गणी वगैरे’. सगळा खेळ त्या ‘वगैरे’त आहे. धाकट्याचे पीएफचे २१,६००, एलआयसीचा हप्ता आणि पोरीच्या शाळेची फी हे सगळं त्या एका ओळीत, एका बेरजेत. शेजारी दोन रकाने असतात. एकात तुम्ही भरलेली रक्कम, दुसऱ्यात त्यातली सरकारला मान्य असलेली. त्या बेरजेत म्हातारपणाचं किती आणि तिसरीच्या फीचं किती, हे कागद सांगत नाही. २०१९ साली हा भाग ‘बी’ नव्याने मांडला, बऱ्याच ओळी वाढवल्या. ‘वगैरे’ शाबूत राहिलं.

आणि ही फक्त कामगाराच्या हिश्श्याची कथा. मालकही दर महिन्याला तेवढेच १,८०० भरतो. नोकरीच्या पत्रात, सीटीसीच्या तक्त्यात, ते २१,६०० ठळक अक्षरांत धाकट्याच्या ‘पगारा’त मोजलेले आहेत. फॉर्म १६ मध्ये मात्र ते जुन्या प्रणालीत नव्हते, नव्या प्रणालीतही नाहीत. मालकाचा बारा टक्क्यांपर्यंतचा पीएफ हिस्सा कायदा उत्पन्नच धरत नाही. अपवाद आहे: मालकाचे पीएफ, एनपीएस आणि सुपरॲन्युएशनचे हप्ते मिळून वर्षाला साडेसात लाखांवर गेले की वरची रक्कम करपात्र होते. अमरावती रोडवर असा माणूस निघाला तर त्याला पाहायला लोक ट्रकच्या टपावर चढतील.

म्हणजे मालक म्हणतो हा तुझा पगार, आयकर म्हणतो हा पगारच नाही. दोघंही कायद्याने बरोबर आहेत.

थोरल्याचं बरोबर उलटं. तो २००८ साली अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत चार्जमन म्हणून लागला. १ ऑक्टोबर २०२१ ला फॅक्टरीवर ‘यंत्र इंडिया लिमिटेड’ची पाटी लागली, थोरला प्रतिनियुक्तीवर केंद्र सरकारचाच राहिला. १ जानेवारी २००४ नंतर लागला, म्हणून त्याला जुनी पेन्शन नाही, एनपीएस आहे. त्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला १ लाख धरा. त्याचे दहा टक्के, म्हणजे १०,००० कापले जातात. सरकार चौदा टक्के, म्हणजे १४,००० घालतं. वर्षाचे १,६८,०००. हा पैसा थोरल्याच्या हाताला कधी लागला नाही, बँकेतही आला नाही. तो थेट एनपीएसच्या खात्यात गेला. पण त्याच्या फॉर्म १६ मधल्या ढोबळ पगारात तो रीतसर मोजलेला असतो. मग काही ओळी खाली, ८०सीसीडी(२) खाली, तेवढाच पुन्हा वजा होतो. आधी न दिलेला पगार दिला असं लिहायचं, मग तो परत घेतला असं लिहायचं; हिशेब जुळतो. सत्यनारायणाला मूर्तीसमोरचा नैवेद्य असाच दाखवून आत नेतात.

आता गंमत पाहा. न मिळालेल्या १,६८,००० वर नव्या प्रणालीत सूट आहे. थोरल्याच्या स्वतःच्या पगारातून खरोखर गेलेल्या १,२०,००० वर नाही.

तरी थोरला खूश होता. “माझा ढोबळ पगार पाहा ना,” तो धाकट्याला म्हणाला, “बँकेला दाखवायला भारी दिसते.”

“दादा, माझा सीटीसी पाहा, तो तुझ्याहून खोटा.”

बाबा दोघांच्याही मधे बसलेले. फॅक्टरीतूनच निवृत्त, जीपीएफवाले. त्यांच्या काळी सगळं सोपं होतं: किमान सहा टक्के आपले आपण ठेवायचे, सरकार त्यात छदाम घालत नसे, पण नोकरी सुटली की पेन्शन सुरू. त्यांनाही दरवर्षी फॉर्म १६ मिळतो, कारण पेन्शन हे कायद्याच्या लेखी ‘पगार’च. नोकरीवालं म्हणून ७५,००० ची प्रमाणित वजावटही मिळते. दुपारी दोन तास झोपणाऱ्या माणसाला सरकार नोकरदार समजतं, हे बाबांनी आईला अनेकदा दाखवून दिलंय. तिच्यावर परिणाम झालेला नाही.

यात एक बातमीही मिसळून टाकायला हवी. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा आला. ५३६ कलमं, भाषा सोपी केल्याचा दावा. ८०सी चं आता कलम १२३ झालं. लोकांना एक कलम कसंबसं तोंडपाठ झालं होतं, विम्याचे एजंट तर झोपेत बरळायचे. त्यांनी आता नव्याने पाढे म्हणावेत.

त्या सकाळचा खरा शोध मात्र बाबांनी लावला. त्यांनी धाकट्याच्या मोबाइलवर उमंग ॲपमधलं पीएफचं पासबुक उघडायला लावलं. तिथे तीन रकाने. कर्मचाऱ्याचा हिस्सा १,८००. मालकाचा हिस्सा ५५०. आणि तिसरा, ‘पेन्शन’, १,२५०. मालकाच्या १,८०० मधले १,२५० त्या तिसऱ्या रकान्यात जातात. हे १५,००० रुपयांच्या पगाराचे ८.३३ टक्के. धाकट्याचा मूळ पगार ४०,००० असला तरी २०१४ साली ठरलेली पगाराची मर्यादा १५,००० च. पहिल्या दोन रकान्यांवर व्याज चढतं. तिसऱ्यावर चढत नाही.

“मग म्हातारपणी किती भेटते?” बाबांनी विचारलं.

धाकट्याने फॉर्म १६ उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर गणित मांडलं. पंचविसाव्या वर्षी लागला, अठ्ठावन्नला पेन्शन सुरू. ३३ वर्षं नोकरी, वीस वर्षांच्या वर झाली म्हणून वर २ वर्षं बोनस, झाली ३५. पंधरा हजार गुणिले ३५, भागिले ७०.

साडेसात हजार.

बाबांनी चष्मा सरळ केला. साडेसात हजार हा आकडा त्यांच्या ओळखीचा होता. बुलढाण्याच्या अशोक राऊतांच्या समितीने ईपीएस-९५ च्या, म्हणजे याच तिसऱ्या रकान्याच्या योजनेतल्या, पेन्शनरांसाठी जी किमान पेन्शन मागितली आहे, ती हीच. सध्याची किमान पेन्शन १,००० रुपये, तीही २०१४ पासूनची.

“हा १,२५० चा आकडा या कागदावर कुठं आहे?” फॉर्म सुलटा करत बाबा म्हणाले.

धाकट्याने दहाव्या मुद्द्याच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, मग उचललं.

“नाही, बाबा. हा तर वगैरेतही नाही.”