वेडेपणाला दंडवत

वंध्यत्वावरच्या उपचारांत आपल्या देशाला जे काही मिळाले, ते वेड्यांकडून मिळाले. शहाण्यांनी फक्त चौकश्या केल्या. म्हणून ही वेडेपणाची स्तुती, अगदी मनापासून.

थोरला मान कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांचा. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी इंग्लंडात जन्मली, त्यानंतर 70 दिवसांनी, 3 ऑक्टोबर 1978 ला, त्यांची दुर्गा जन्मली. इंग्रज डॉक्टरांनी दुर्बिणीने पोटातून एकच बीज काढले होते. मुखोपाध्यायांनी हॉर्मोनची इंजेक्शने देऊन एकदम अनेक बीजे पिकवली, ती योनिमार्गे काढली, भ्रूण गोठवला आणि पुढच्या एका पाळीचक्रात गर्भाशयात सोडला. आज कुठल्याही आयव्हीएफ सेंटरमध्ये जवळपास हाच क्रम चालतो.

सरकारने शहाण्यांची समिती बसवली. अध्यक्ष रेडिओफिजिक्सचे. दावा खोटा ठरला. जपानच्या परिषदेला जायची परवानगी नाकारली गेली, आणि हॉर्मोनमध्ये हयात घालवलेल्या माणसाची बदली झाली डोळ्यांच्या संस्थेत. 19 जून 1981 ला त्यांनी आत्महत्या केली. हे वाचून आजही संताप येतो.

दुसरा वेडा आपल्या परळचा. 1986 मध्ये केईएम रुग्णालयात हर्षा जन्मली आणि देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी घडवणारे म्हणून डॉ. इंदिरा हिंदुजांबरोबर डॉ. टी. सी. आनंदकुमारांचेही नाव झाले. पुढे मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणे त्यांच्या हाती आली. शहाण्याने ती गुपचूप कपाटात ठेवली असती. आनंदकुमारांनी ती बारकाईने वाचली आणि 1997 मध्ये जाहीर सांगितले, पहिला मान माझा नाही, मुखोपाध्यायांचा आहे. स्वतःचे पहिलेपण असे देऊन टाकणारा माणूस मला तरी दुसरा ठाऊक नाही.

नंतर बाजार फोफावला, गरीब बायकांची गर्भाशये भाड्याने जाऊ लागली. कायदा हवाच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण 2021 चा सरोगसी कायदा करताना शहाणे पुन्हा चौकशीला बसले, या वेळी आई होऊ पाहणाऱ्या बाईच्या. विधवा किंवा घटस्फोटित असेल आणि वय 35 ते 45 असेल, तर सरोगसीची मुभा. लग्नच केले नसेल तर नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने त्याच अविवाहित बाईला आयव्हीएफ करून स्वतःच्या पोटी मूल वाढवायला मोकळीक दिली आहे. म्हणजे गर्भाशय धड असेल तर ती आई व्हायला लायक, आणि कर्करोगात ते काढून टाकावे लागले असेल तर नालायक. यातून गर्भाशय भाड्याने देणाऱ्या बाईचे की जन्मणाऱ्या बाळाचे रक्षण होते, हे कुणी समजावून सांगावे.

चार घरचे लोक अशा बाईला सांगतात, वेडी आहेस का, गप्प बस. अशा बायकांपैकी काही जणी गप्प बसल्या नाहीत. वकील गाठून थेट सुप्रीम कोर्टात गेल्या. त्यांच्या वेडाला माझा दंडवत.