आकडे निर्दोष, गिऱ्हाईक दोषी

१९८५ साली अमेरिकेत कोका-कोलाने सुमारे दोन लाख लोकांना नवी चव घोट-घोट पाजून पाहिली. जास्त लोकांना नवीच आवडली. जुनी बंद होणार, एवढे सांगायचे तेवढे राहिले. पण सर्वेक्षणात फार बोलू नये, हा शिष्टाचारच आहे. घोटावरून बाटलीचा निकाल लावला, असे काही जण कुजकट बोलतात. आपल्याकडे बशीभर पोह्यांवर पन्नास वर्षांचे संसार ठरतातच की!

२३ एप्रिलला नवे कोक बाजारात आले आणि जनता बेशिस्त वागू लागली. दिवसाला दीड-दीड हजार फोन. ते ऐकायला कंपनीने मानसोपचारतज्ज्ञ बसवला. काही जण घरात मयत झाल्यासारखे बोलत होते, असे त्याचे निदान. ७९ दिवसांत जुनी चव परत आणावी लागली.

आकड्यांनी आपले काम चोख बजावले, माणसे ऐनवेळी फिरली. यापुढे प्रत्येक घोटाआधी स्टॅम्पपेपरवर हमीपत्र लिहून घ्यावे : ‘मी जे सांगेन तेच पिईन.’ आणि नवा माल दुकानात पाठवूच नये. चाचणीच्या टेबलावरच विकावा, घोटाघोटाने. तिथे त्याला मागणी आहे.