तळलेली कलेजी

"बाबा, उद्या फ्राइड लिव्हर!" कुंभकोणमच्या शुद्ध शाकाहारी खानावळीत चिरंजीव ओरडले आणि डिग्री कॉफी ओतणारा वाढपी धार हवेतच ठेवून थांबला. हे बुद्धिबळातल्या एका ओपनिंगचं नाव आहे, असं मी चेन्नईत चार वर्षांत कमावलेल्या तमिळमध्ये समजावलं. ते ऐकून शेजारच्या आजींनी आपलं केळीचं पान आणखी थोडं पलीकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी दारासुरम्‌च्या एका कल्याणमंडपात अकरा वर्षांखालच्यांची स्पर्धा होती. महिनाभर आमच्याकडे हीच कलेजी शिजत होती. सुमारे 1610 साली रोममध्ये पोलेरिओने ती वाढल्याची नोंद आहे. पांढऱ्याचा उंट आणि घोडा मिळून काळ्या राजाच्या कुशीतल्या प्याद्यावर टपतात. पाचव्या चालीला काळ्याने घोड्याने प्यादं मारलं, की आपण घोडा बळी देऊन राजाला भर चौकात ओढायचं. "मारतोच! सगळे मारतात!" मी छातीठोक सांगितलं होतं.

समोर आली विभूती लावलेली, वेणीत मोगरा माळलेली चिमुरडी. चार चाली अगदी पाठांतराबरहुकूम. चिरंजीवांनी खिडकीबाहेरच्या मला डोळासुद्धा मारला. मग तिने दुसराच घोडा उचलला आणि पटाच्या कडेला, उंटाच्या अंगावर नेऊन ठेवला. कडेचा घोडा लंगडा, हेही माझंच वाक्य. चिरंजीवांनी खुशीत एक प्यादं जास्तीचं खाल्लं. तेवढ्यात तिची सगळी फौज बाहेर. आमचे दोन्ही हत्ती मात्र लग्नघरी बुजलेल्या पोरांसारखे कोपऱ्यात उभे. सव्विसाव्या चालीला हात मिळवला, आणि दोघं एकाच डब्यातला मुरुक्कू खात बसले. अपचन झालं ते मला.

दुपारी ऐरावतेश्वराचं देऊळ. दुर्वासांच्या शापाने काळवंडलेल्या ऐरावताला इथे शिवपूजेने पांढरा रंग परत मिळाला, अशी कथा. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधलेलं. मंडपाला दगडी चाकं, पुढे उधळलेले घोडे. "चतुरंगात रथही असायचा बरं का," मी सुरू केलं.

"बाबा, यांनी रथ, घोडे, सगळं बाहेर काढलंय."

पुढे ते प्रसिद्ध शिल्प होतं : डोकं एकच, धडं दोन. एक बाजू झाकली की हत्ती, दुसरी झाकली की बैल. चिरंजीवांनी डोळ्यांपुढे तळहात धरून हत्ती पाहिला, मग बैल पाहिला, आणि हात तसाच धरून बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.