चौकोनात टिक केलीस ना?

जपानमध्ये भाषा शिकणाऱ्या मुलाला सुट्टीत घरी यायचं असेल, तर विमानाच्या तिकिटाइतकाच एक चिमुकला चौकोन महत्त्वाचा असतो. देश सोडताना भरायच्या कार्डावर, ‘तात्पुरता बाहेर जातोय, परत येणार आहे’ अशा अर्थाच्या ओळीपुढे तो छापलेला असतो. त्यात टिक करायची, कार्ड अधिकाऱ्याच्या हातात द्यायचं आणि सोबत आपलं रेसिडेन्स कार्ड दाखवायचं. एवढं केलं की वर्षभराच्या आत परत येता येतं. टिक राहिली आणि खिडकीतल्या अधिकाऱ्यानेही विचारलं नाही, तर हा माणूस कायमचा निघाला असं धरलं जातं. रेसिडेन्स कार्डाला भोक पाडून ते रद्द करतात आणि विद्यार्थी म्हणून मिळालेला निवासाचा दर्जा तिथल्या तिथे संपतो.

‘अहो, पण पासपोर्टवर व्हिसा आहे ना!’ असं पालक म्हणतात. त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं. मुंबईच्या जपानी वकिलातीतून मिळालेला तो व्हिसा एकदाच आत जाण्यासाठी असतो आणि पहिल्या दिवशी विमानतळावरच त्याचं काम संपतं. त्यापुढे मुलगा जपानमध्ये राहतो तो निवासाच्या दर्जावर आणि त्याचा पुरावा म्हणजे खिशातलं ते कार्ड. दर्जा गेला की सगळं पहिल्यापासून: शाळेचा अर्ज, सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, पुन्हा वकिलात. भाषाशाळांच्या तुकड्या एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत सुरू होतात, अर्ज मात्र कित्येक महिने आधी घेतले जातात. एका टिकेपायी अर्धं वर्ष सहज जातं आणि भरलेल्या फीचं काय होणार हे शाळेच्या नियमांवर.

माझा पहिला रोख इथल्या कन्सल्टन्सीवाल्यांवर आहे. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. उत्तम शिक्षक आहेत, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचं केंद्र आहे. जपानी भाषाशाळा प्रवेश देताना साधारण १५० तासांच्या अभ्यासाचा दाखला किंवा त्या परीक्षेची एन-फाइव्ह ही पहिली पायरी मागतात आणि मुलं ते तास मनापासून पुरे करतात. त्या १५० तासांत अर्धा तास या विषयाला का देता येत नाही? बँकेची कागदपत्रं, आईवडिलांचे उत्पन्नाचे दाखले, निबंध हे सगळं कन्सल्टन्सीवाले चारचार वेळा तपासून घेतात, कारण त्यावर त्यांचं कमिशन अवलंबून असतं. मुलगा एकदा पोहोचला की मग तो आणि त्याचं नशीब! हे बेजबाबदारपणाचं आहे आणि पालकांनी ते चालवून घेऊ नये.

पण खरी कोंडी टिकेच्याही आधी सुरू होते. मुलाने घरी यायचं तरी कधी? विद्यार्थ्याला वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं. कोन्बिनी म्हणजे तिथल्या छोट्या दुकानांत, हॉटेलच्या भटारखान्यात, गोदामात मुलं राबतात ती याच हिशेबावर. शाळेच्या लांब सुट्टीत मात्र दिवसाला आठ तासांपर्यंत मुभा असते. म्हणजे ज्या ऑगस्टमध्ये घरी जायला सवड असते, त्याच ऑगस्टमध्ये पुढच्या फीचे पैसे उभे करायची संधी असते. गणपती बहुतेकदा सुट्टी संपता संपता किंवा त्यानंतर येतात. दिवाळी तर ऐन ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या वर्गांत. दिवाळीला आठवडाभर आलं तरी हजेरी घसरते. ही हजेरी नुसती शाळेच्या वहीत राहत नाही, मुदतवाढीच्या अर्जात इमिग्रेशनचे अधिकारी ती बघतात. शिवाय सबळ कारणाशिवाय तीन महिने अभ्यास बंद ठेवला, तर दर्जा काढून घेता येतो. तेव्हा कायदा वर्षभराची मुभा देतो म्हणून वर्षभर गावी राहता येईल, असं कुणी समजू नये. ‘सणाला ये की रे’ असा आग्रह धरणाऱ्या घराने मुलासमोरचा हा हिशेब एकदा समजून घ्यावा.

दुसरी अडचण तारखेची. कार्डावर मुदत लिहिलेली असते आणि ती वर्षभराच्या मुभेआधी संपत असेल, तर परतीची मुभाही त्याच दिवशी संपते. बाहेरून ती वाढवून मिळत नाही. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याच्या तीन महिने आधीपासून करता येतो, पण तो जपानमध्ये राहूनच. अर्ज करून निघालं तर निकाल येईपर्यंत, जास्तीत जास्त मूळ मुदतीनंतर दोन महिने, जुना दर्जा चालतो. मात्र तेवढ्यात परत जाऊन नवं कार्ड हातात घ्यावंच लागतं. घरात कुणी अचानक आजारी पडलं की मुलगा रात्रीत तिकीट काढतो. त्या घाईत तारीख कोण बघणार? म्हणून ती आधीच घरी लिहिलेली हवी.

जपान सरकारच्या पदरात एक श्रेय टाकलंच पाहिजे. जुलै २०१२ पर्यंत गावी जायचं तर आधी इमिग्रेशनच्या कचेरीत जाऊन, पैसे भरून पुनर्प्रवेशाची परवानगी काढावी लागे. नव्या व्यवस्थेत ती खेप वाचली, हा मोठा दिलासा होता. पण टिकेचा भार उलट्या खांद्यावर टाकला. मुदत शिल्लक असलेलं कार्ड ज्याच्याकडे आहे, तो परत येणार असंच गृहीत धरायला हवं. कायमचं जाणाऱ्याने तसं सांगावं. दक्षिण कोरियात तसं आहे. तिथे नोंदणी झालेल्या परदेशी विद्यार्थ्याला मुदतीत आणि वर्षाच्या आत परतायचं असेल तर वेगळी परवानगी लागत नाही, कायमचा निघणाऱ्याने कार्ड परत करायचं असतं. शेजारच्या देशाला जमतं ते जपानला न जमण्याचं कारण मला दिसत नाही.

आणि परतीची ही मुभा म्हणजे हक्क नव्हे, हे २०२० च्या कोरोना साथीने दाखवलं. त्या वर्षी जपानने एकेका देशाचे दरवाजे बंद केले, पुढे भारताचेही. स्वतःच्या नागरिकांना आत घेतलं, पण टिक करून, सगळे नियम पाळून बाहेर गेलेल्या अनेक परदेशी रहिवाशांना सप्टेंबरपर्यंत अडवून धरलं. भाडं तिकडे चालू, नोकरी तिकडे, माणूस इकडे. नव्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना तर मार्च २०२२ पर्यंत ताटकळत ठेवलं. कितीतरी मुलांनी टोकियोच्या शाळेचे वर्ग आपल्या गावी मोबाईलवर केले. साथ होती, मान्य. पण नियम पाळून तिथे राहणाऱ्याला नागरिकापेक्षा वेगळा विषाणू होत नाही. तो निर्णय अन्यायाचा होता आणि तो तसा म्हटला गेला पाहिजे.

सरकारी नियम पत्र पाठवून उद्या बदलत नाहीत. आपल्या हातातलं मात्र आजच करता येतं. क्लासवाल्यांनी शेवटच्या आठवड्यात ते प्रस्थानाचं कार्ड फळ्यावर काढून भरायला शिकवावं. आणि पालकांनो, सुट्टीचं तिकीट काढण्याआधी मुलाकडून त्याच्या रेसिडेन्स कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागवा, मुदतीची तारीख वाचा आणि ती कॅलेंडरवर लिहून ठेवा.